अप्पाला इकडं आणू नका

ती. शिवकांता आक्काला,
हैदराबादहून संगमेशचा शरणार्थ.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. तुम्ही फोन मोठ्या आवाजावर लावता अन् अप्पा सगळं ऐकतात, म्हणून पत्र लिहून राहिलो.

अप्पाला इकडं आणायला आईनं जीप ठरवली म्हणे. नको म्हणून सांग. आमच्या प्रयोगशाळेत भुलीच्या गॅसनं लुळा उंदीर उठला, एवढंच मी बोललो होतो. इथं उंदराच्या मेंदूभोवती रगत सांडवतात, अन् काहींना लगेच गॅस देऊन मेंदू वाचतो का बघतात. अप्पाच्या डोक्यातली नस फुटून तर वर्ष झालं. प्रयोग करणाऱ्या मॅडमला विचारलं. म्हणल्या, "संगमेश, जुन्या दुखण्याला हे नाही रे. माणसाला द्यायलाही अजून लई काळ जाईल."

तो उंदीर अप्पासारखाच डावा पाय ओढायचा. गॅसनं हळूहळू नीट चालायला लागला, दाणे खाल्ले. मग मेंदू कापून बघायला त्यालाच मारलं. वाचलेल्यालाबी मारावंच लागतं म्हणे, त्याशिवाय आत काय झालं ते कळत न्हाई. आपल्यात जाळत न्हाईत, माती देतात. इथं मेलेल्या उंदरांची पिशवी भट्टीत जाते. मीच नेतो, एका हातानं गळ्यातलं इष्टलिंग धरून.

डोळा लागला की तो उंदीर पाय ओढत येतो. हे आईला सांगू नको.

अप्पाचा हात हलतो का? तेल कोण चोळतं? शेवग्याला शेंगा लागल्या का?

काल फोनवर अप्पा अडखळत म्हणले, "तुझा उंदीर... चालतो का रे?" मी हाव म्हणलो. तूबी तसंच सांग.

तुझा धाकटा,
संगमेश