चिनी कचेरीचं दार

कॅसल हिल, सिडनी
३ ऑगस्ट २०२१

ती. आक्कास,
श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्राचा फोटो पाठवतोय.

वि. वि. लॉकडाउन वाढला. सूनबाई वेस्टमीडच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्यात नात ओवीनं शाळेसाठी पुठ्ठ्याची जुनी चिनी सरकारी कचेरी केली आहे. शुक्रवारी झूमवर वर्गाला दाखवायची, वीस मार्कांची. एकामागे एक तीन चौक, मधे लाल खांबांचा दरबार, साहेबाची खुर्ची, वर डौलदार छप्पर. खऱ्या छपराला म्हणे एकही खिळा नसतो! सगळं उत्तम, पण दार दक्षिणेला आणि दारासमोर आडवी भिंत! साथीच्या दिवसांत असलं घरात कसं ठेवायचं? ओवी आंघोळीला गेली तेव्हा मी दार पूर्वेला चिकटवलं आणि भिंत काढून टाकली. कुणाला बोलू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
श्रीनिवास

ठाणे
४ ऑगस्ट

चि. श्रीनिवासास अनेक आशीर्वाद.

अरे सातवी नापास माणसा, चीनच्या साहेबाला तू दिशा शिकवणार? इथं गवंड्याकडून तीनदा न्हाणीघर फिरवून घेतलंस, बिचारी तुझी बायको पद्मा महिनाभर शेजारी आंघोळीला जायची. तुझ्यापायी पोरीचे मार्क गेले तर ती जन्मभर विसरणार नाही. आजच्या आज तिला सांग. पुठ्ठ्याच्या दारातून कोरोना येत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आक्का

कॅसल हिल
७ ऑगस्ट

ती. आक्कास सा. न.

सांगितलं. आजोबा, हे मुळीच कूल नाही, एवढं बोलून ओवीनं खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी तिनं मला वर्गातल्या एका चिनी मुलीच्या आजीसमोर व्हिडिओवर बसवलं. त्या आजीनं नातीकरवी समजावलं की कचेरीचं तोंड दक्षिणेलाच हवं, आणि वाईट गोष्टी सरळ आत शिरू नयेत म्हणूनच पुढं भिंत. बाई माझ्यासारखीच भित्री निघाली! मी निमूटपणे गोंद घेऊन बसलो आणि सगळं होतं तसं करून दिलं.

काल एकोणीस मार्क मिळाले. एक माझ्यामुळे गेला. ओवी बोलताना मी मागून सारखा सांगत होतो की भिंत दाखव, भिंत नीट दाखव, आणि माइक चालू होता. शिक्षिकेनं शेरा दिला की माहिती उत्तम, आजोबांना आवरावे. ओवी तर पोट धरून हसली. मला मात्र तो एक मार्क झोपू देत नाही. शिक्षिकेला माफीचं पत्र लिहू का, तेवढं कळव.

तुझ्या मायेचा धनी,
श्रीनिवास