बोल्ट अक्काकडे असतो

दि. ११ फेब्रुवारी

चि. डॉक्टरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून विषय मिटवतोस. म्हणून हे पत्र. कागदावर ‘हो, हो’ लिहायला तरी लाज वाटेल, अशी आशा आहे.

विनापरवाना शस्त्रे मार्चअखेर जमा करावीत, कोणालाही शिक्षा होणार नाही, असे सरकारने जाहीर केले आहे. बाबांच्या बंदुकीचा परवाना बाबांबरोबरच संपला. तरी ती तुझ्या दवाखान्याच्या कपाटात उभी आहे, याला आळस म्हणतात. गुरांचा डॉक्टर होतास तोवर निमित्त तरी होते. पाय मोडलेल्या घोड्याला दुसरी सुटका नसे. आता तू निवृत्त आहेस. माझी धाकटी भावजय जाऊन वर्ष होईल. तिलाही बंदुकीचे ते धूड घरात कधी आवडले नाही. उद्याच नेऊन दे.

जेवण वेळेवर घेतोस ना? खरे लिही, अलंकार नकोत.

राग आला तरी लोभात काटछाट करू नकोस.
तुझी अक्का


दि. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुख्याध्यापकी सुटली, पण तुझ्या हातची छडी काही सुटली नाही. पत्र वाचताना मी चक्क पाठ ताठ करून बसलो होतो.

आमच्याकडे या कायद्याला फारसे कोणी जुमानत नाही. चौकीत खास टेबल मांडले आहे आणि हवालदार तिथे माश्या मारत बसतो. वखारवाला परवा म्हणाला, की दरोडेखोर रांगेत उभे राहिले की मला बोलवा. त्याचे काय चुकले? चोर सोडून संन्याशाला फाशी, असलाच हा प्रकार.

तरी तुझा शब्द मोडवत नाही. मात्र बंदूक अर्धवट घेत नाहीत, असे ऐकतो. तेव्हा बंदुकीचा तुझ्याकडे असलेला बोल्ट पार्सलने पाठव. पुरी जोडून देईन.

बाकी आवराआवर चालू आहे. अवजारे नव्या डॉक्टरला देऊन टाकली. कुत्री दूधवाल्याकडे पोचवली; तिथे तिला सोबत आहे. धाकटीची कपाटे रिकामी केली. घर इतके नीटनेटके झाले आहे, की तुलाही खोट सापडायची नाही. जेवणाचे म्हणशील, तर भूक फारशी नसते.

बोल्टची वाट पाहतो. लहानपणापासून तू माझे फार सोसलेस. तो लोभ मला पुरला.
तुझा,
डॉक्टर


दि. २४ फेब्रुवारी

चि. डॉक्टरास,
आशीर्वाद.

तुला अक्कल आली, म्हणून मी खूश झाले होते. बोल्ट रुमालात गुंडाळला, पार्सलवर पत्ताही घातला. सोबतच्या चिठ्ठीत नियमाचा क्रमांक असावा, म्हणून सरकारी सूचना उघडली. तीत स्पष्ट लिहिले आहे, की मोडके, गंजलेले, अपुरे, कोणत्याही अवस्थेतले शस्त्र स्वीकारले जाईल. म्हणजे जमा करायला तुला बोल्ट लागतच नाही. मग तुझे पत्र पुन्हा वाचले. कुत्रीपाशी आले आणि थांबले.

बाबांनी बंदूक दोन घरांत का ठेवली, ते तुला ठाऊक आहे. काडतूस आत सरकवणारा तो लोखंडी दांडा माझ्याकडे, बाकी सगळे तुझ्याकडे. मी तुझ्याच गावात होते तेव्हा जनावर कितीही तळमळत असो, तू पलीकडच्या गल्लीतून माझ्या दारात यायचे, कारण सांगायचे आणि मला पटले तरच मी बोल्ट द्यायचा. तू चिडायचास, की इथे शिकवणी घेऊ नकोस, तिकडे जीव जातोय. बाबा म्हणत, की असला निर्णय एकट्याने घेतला की तो नेहमी बरोबरच वाटतो. तांबड्या घोडीच्या वेळी मी तुला रिकाम्या हाताने परत पाठवले होते. ती पुढे लंगडत का होईना, पण शिंगरामागे धावली.

तेव्हा त्याच नियमाने विचारते: कारण सांग. आणि जनावर कोणते, तेही लिही.

दरोडेखोर या कायद्याने थांबतील की नाही, मला माहीत नाही. मला तो संन्याशासाठीच हवा आहे. त्याला फाशी देणारा कधी कधी तो स्वतःच असतो. अशा संध्याकाळी त्याच्या वाटेत कुणाचे तरी दार यावे, एवढ्यासाठी हवा आहे.

शेजारच्या शिंपिणीला फोन करून तुझ्यापाशी बसायला सांगितले आहे. काडतुसांचा डबा ती घेऊन जाईल. तिच्याशी वाद घालू नकोस, हरशील. हे पत्र आजच्या डाकेने जाते आणि मी उद्याच्या गाडीने निघते. कोण आधी पोचते पाहू. बोल्ट इथेच राहील.

तुझ्या लोभाचा मला अजून कंटाळा आलेला नाही.
अक्का


दि. १६ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू आधी पोचलीस. पत्र तुझ्यामागून आले. तू स्वयंपाकघरात माझ्या भांड्यांना नावे ठेवत होतीस, तेव्हा मी ते ओसरीवर वाचले. तू मुक्कामभर उत्तर मागितले नाहीस, म्हणून आज देतो.

काल चौकीत गेलो. तू हात धरून न्यायला तयार होतीस, पण आपल्या पायांनी जायचे होते. हवालदाराने बंदूक उलटसुलट केली आणि विचारले, की बोल्ट कुठे आहे. मी म्हणालो, की बोल्ट अक्काकडे असतो. मग त्याने विचारले, की इतकी वर्षे ठेवलीत, मग आजच का आणलीत. मी म्हणालो, की घरात एकटा असतो.

त्याने मान वर केली नाही. पायाने खुर्ची पुढे सरकवली, बसा म्हणाला आणि चहा सांगितला. असे बरेच जण येतात, काका, एवढेच बोलला.

बाहेर पडतो तर वखारवाला, काखेत चादरीत गुंडाळलेले काहीतरी लांबट. दरोडेखोर आले का रांगेत, असे मी विचारले. तो फणफणला, की तुमच्या अक्कांनी बाजारात आमच्या मंडळींना गाठलं, तेव्हापासून घरात जगणं मुश्कील झालंय.

जनावर कोणते, हे तू ओळखलेच होतेस. कारणही होते, अक्का, आणि माझ्यापुरते ते अगदी बिनचूक होते. ते घेऊन तुझ्या दारापर्यंत चालत आलो असतो, तर वाटेतच त्यातली चूक दिसली असती. आता कुत्री पायाशी आहे. शिंपीणबाई जेवणाची चौकशी करतात आणि खोटे बोललेले ओळखतात.

तुझ्याकडचा बोल्टही बेकायदा आहे. मार्चअखेर जवळ आली आहे. याला आळस म्हणतात. तिकडच्या चौकीत देऊन टाक. तो नसला तरी मी कारणे सांगायला येत राहीन. तेवढे दार लोटून न घेण्याइतका लोभ ठेव.
तुझा,
डॉक्टर