बुरुजातला हात

रविवार, ११ जानेवारी २०२६. दुपारी साडेतीन.

मळ्याच्या फाटकावर नवी पाटी — ‘मुगलकालीन किला. बेगम का विश्राम-महल.’ आईने १९६५ साली बांधलेलं घर! भाचा गौरव जवळच उभा होता. जमीन दोघांच्या नावावर, पण मला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

“आत्या, टुरिस्टला शेतकऱ्याची विधवा कोण दाखवतं? उनको बेगम चाहिए.”

“मग तुझ्या बापाला शहजादा म्हण,” म्हटलं. हसला. लाज कशी ती नाही.

सोमवार, १२ जानेवारी.

झोप नाही. निदान इथे तरी खरं लिहून ठेवते.

हे घर आलं माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकातल्या एका चित्रातून. बुरूज, कंगोरे, भिंतीत अरुंद फटी. आईला वाचता येत नव्हतं. चित्राकडे बघत राहिली. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. बागेत गेली तरी लोक बोलत. “ह्या फटीतून बाईला बाहेर दिसतं, पन तिला कोनी पाहत नाही ना? असंच घर पाहिजे.” केळीच्या बागेत किल्ला उभा राहिला. आमच्या राजपुऱ्यात लोक हसले.

वास्तुशांतीला दाराशी सवाष्णींनी हळदीचे हात उमटवले. घर आईचं, पण आई मागच्या ओट्यावर. संध्याकाळी ती बुरुजात गेली. जिन्याजवळचा गिलावा ओला होता. त्यात तिने कोरडाच हात दाबला.

शुक्रवार, १६ जानेवारी.

गौरवचा फोन. गाइड त्या हाताला बेगमेचा हात म्हणतो. बायका येऊन हळद लावतात. “सारी दीवार खराब. गुरुवारी काच बसवतो, आत्या. तुमच्या आईचा हात सेफ.”

बसव, म्हटलं. खोट्या बेगमेच्या नावाने फासाफाशी तरी थांबेल.

रविवार, १८ जानेवारी.

काचेआधी हात एकदा बघावा म्हणून गेले. जिन्यात एक बाई, निर्मला. सिंधीपुऱ्यातली. हातात हळदीची वाटी.

“पोरीची हळद हाय आज. नवरा नाही, म्हनून घरात मला लावू देत नाहीत. इथं लावून जाते. इथं कोनी नाही म्हनत नाही.”

तिला सांगितलं — ही बेगम नाही. माझी आई, गोदाबाई. तिलाही लावू दिली नव्हती.

निर्मलाने माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून वाटी पुढे केली. “मंग तुमी बी लावा ना, ताई.”

माझा नवरा दत्तात्रय गेल्यापासून मी हळदीला बोट लावलं नव्हतं. आईच्या हातावर माझा हात पुरता बसला.

सोमवार, १९ जानेवारी.

गौरवला पत्र दिलं. पाटीवर बेगम ठेव, नाहीतर राणी ठेव. काच बसणार नाही, आणि बुरुजात येणाऱ्या बाईला तिकीट नाही. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं.

सही करताना कागदाला पिवळं बोट लागलं. दुसरा कागद घेतला नाही.