पासष्ट अँपिअरचा अल्टरनेटर

३ मार्च
ठरलं. मामांच्या जुन्या गाडीचा बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून त्याजागी नवा अल्टरनेटर बसवायचा. मी, एकट्याने. रविवारी संध्याकाळी ती नोकरीसाठी परगावी निघतेय. ती म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते ती. स्टेशनवर मी सोडतो, असं बोलून बसलोय. वाटेत वीस मिनिटं मिळतील. तेवढ्यात मनातलं सांगून टाकायचं. मजकूर पाठ आहे.
अडचण एकच. हेडलाइट लावले की डायनॅमो मान टाकतो. मामा म्हणतात, मिस्त्रींना बोलाव. मी दोन वर्षं इलेक्ट्रिकल शिकलोय. सर 'पाया कच्चा आहे' म्हणाले म्हणून भर वर्गातून उठून आलो, नाहीतर आज इंजिनीयर असतो. मिस्त्री कशाला?

४ मार्च
दुकानात गेलो. ती म्हणाली, या गाडीला पस्तीस अँपिअरचा पुरे. मी पासष्टचा मागितला. तिच्यासमोर पस्तीस कोण मागेल? त्यावर म्हणते, लग्नाची रोषणाई करायचीय का. लग्नाचा विषय तिने काढला. मी नाही.
निघताना तिने एक इवलासा बल्ब हातावर ठेवला. फुकट. डॅशबोर्डवर लावा म्हणे, हाच चार्जिंगचा लाल दिवा, याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, हा नसेल तर चार्जिंग होणार नाही.
बोलायला काहीतरी निमित्त लागतंच माणसाला.

५ मार्च
बल्ब काडेपेटीत कापूस घालून ठेवला. असली वस्तू कळकट डॅशबोर्डात खुपसायला मी काही कसाई नाही.

६ मार्च, दुपारी
अल्टरनेटर धरणारी ब्रॅकेट बसेना. पाना भिरकावला. कुंपणापलीकडे गेला. शोधण्यात तास गेला. मामा खिडकीतून म्हणाले, डायनॅमो चाळीस वर्षं टिकला, तू कॉलेजात दोन. खिडकी बाहेरून लोटून घेतली.
उद्यापासून डोकं शांत.

७ मार्च
वायरिंग पूर्ण! जाड वायर थेट बॅटरीला. बल्बची बारीक वायर टेप गुंडाळून मागे सारली. गाडी सुरू झाली. चार्जिंगच्या मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो, पण मीटर जुना आहे, नव्या अल्टरनेटरची त्याला सवय नाही. धोक्याचा लाल दिवाही लागला नाही. म्हणजे धोका नाही.

८ मार्च, रविवार, ४.३०
शर्टाला दोनदा इस्त्री. काडेपेटी वरच्या खिशात, डावीकडे.

९ मार्च
काल काय झालं ते एकदाच लिहितो.
अंधारलं, हेडलाइट लावले. मी 'मला तुम्हाला' इथपर्यंत पोचलो आणि दिवे पिवळे पडले. इंजिनाला उचकी लागली. पुलावर बंद. मागचा ट्रकवाला हॉर्न मारायला लागला, म्हणून त्याला बघून घ्यायला उतरलो. परत येतो तर तिने बॉनेट उघडलेलं. तिने विचारलं, बल्ब लावला होता ना?
मी काडेपेटी काढून उघडली. तिने बोटाने कापूस बाजूला केला. मग म्हणाली, अहो, हा आम्ही प्रत्येक अल्टरनेटरबरोबर देतो, मालकांचा नियमच आहे.
तिला टॅक्सी ट्रकवाल्यानेच थांबवून दिली. सामानही त्यानेच चढवलं. जाताना ती मला म्हणाली, मिस्त्रींना बोलवा.
मजकूर अजून पाठ आहे.

१० मार्च
मिस्त्री आले. बल्ब लावला. अकरा मिनिटं. चार्जिंग सुरू. मामांनी मिस्त्रींना दोनदा चहा पाजला.

११ मार्च, सकाळी ८
तिचा मेसेज!! गाडीच्या डिकीत तिची एक बॅग राहिलीय. घाईत राहिली असं कुणीही म्हणेल. मला तसं वाटत नाही. बॅग म्हणजे पत्ता येणार. कुरिअर नाही, स्वतः घेऊन जाणार. सहा तासांचा रस्ता. दाढी केली. टाकी भरली.

८.४०
दुसरा मेसेज. बॅग दुकानात नेऊन द्या, पुढे मालक पाठवतील, पत्ता त्यांच्याकडे आहे.

दुपारी
नेऊन दिली. मालक म्हणाले, हो, तिचा फोन आला होता, एक गिऱ्हाईक बॅग आणून देईल म्हणून. त्यांनी बॅग आत ठेवली आणि विचारलं, आणखी काय देऊ?
एक फ्यूज घेतला.