पंचमीचा मुराळी

१ जुलै
आले बाई एकदाची नांदेडला. किल्लारीहून बसा बदलून बदलून कंबर मोडली, पण जागा बघून जीव गार झाला. नवी इमारत, वरपासून खालपर्यंत स्लॅब, रंगाचा वास अजून जात न्हाई. मनाच्या दवाखान्यात बऱ्या झाल्या, पण घरचे न्यायला येईनात, अशा बायका इथं राहतात. मी त्यांची मावशी म्हणून कामाला. वेण्या घालायच्या, गोळी दिली की तोंड उघडून बघायचं. विशाखा मॅडम समुपदेशक. वयानं पोर, पण गोड. मी ‘वेड्या’ म्हणले तर रागावली. रहिवासी म्हणा म्हणे. बरं बाई, रहिवासी. नव्या कायद्यानं कुणाला कोंडायचं न्हाई, म्हणून इथल्या दारांना बाहेरून कडीच बसवलेली न्हाई. कामवाल्या बायांनी पण रोज मनातलं लिहायचं, मन हलकं होतं म्हणे. माझं मन काय जड न्हाई, पण चौथी शिकलेय, लिहिते. स्वयंपाकाला जन्नतबी हाय. तिनं फिका चहा दिला अन् म्हणली, सुंदरबाई, आठवडा टिकलीस तर साखर घालीन. लई हसले.

५ जुलै
आठवडा व्हायच्या आधीच चहात साखर पडली.
सगळ्यांत शहाणी सिंधु. किनवटच्या पुढं जंगलात गाव तिचं. तांदूळ निवडावा तर तिनंच. खोड एकच, भर दुपारी पण उघड्या दारात बसून असती. आत ये म्हणलं तर येत न्हाई. आज वैतागून विचारलं, तर लुगडं जरा वर करून घोटा दाखवला. साखळीचा वण. भाऊ संगमेश्वर पत्र्याच्या खोपटात बांधून ठेवायचा, भाकर फटीतून सरकवायचा. उन्हात पत्रा तापला की नखानं ओरबाडायची म्हणे. मी म्हणलं, भूकंपानंतर आम्ही पण पत्र्याच्या शेडात वर्षं काढली, कोण मेलं? तिनं लुगडं परत खाली ओढलं. मला रडगाणं ऐकवत न्हाई.

१० जुलै
वरून हुकूम आलाय. बऱ्या झालेल्यांना घरी पोचवा, मागं दुसऱ्या बायका जागेसाठी थांबल्यात. सिंधुचा भाऊ फोनवर हो म्हणला. कायद्यानं तिची मर्जी पण लागती. मॅडमनं विचारलं तर ही फरशी बघत बसली. मग मॅडम मला म्हणली, मावशी, तुमच्याशी बोलती, जायचं हाय का तिला? मी म्हणलं, हाव, खूश हाय. घोट्याचं काढलं न्हाई. आता कायदा हाय, आता कोण बांधतंय? माहेर तर हाय बाईला. माझं सगळं माहेर भूकंपात गाडलं गेलं. लोकांच्या लेकींना पंचमीला न्यायला माहेरचा मुराळी येतो. माझ्या दारात लग्नापासून कधी मुराळी आला न्हाई.

१२ जुलै
सिंधु गेली. मीच ओटी भरली, लेक निघाली म्हणून. पण जीपमध्ये चढेना. फाटकाचा गज धरून उभी. ड्रायव्हर फारूक हॉर्न वाजवून राहिला, मॅडमचा फोन चालू, माझं डोकं फिरलं. म्हणलं, चढ गं, पंचमीला मुराळी धाडते तुला आणायला. न्हाई आला तर, म्हणली. मी म्हणलं, न्हाई आला तर तूच मुराळी हो अन् मला न्यायला ये, मी कुठं पळून चालले? सगळे हसले. ती हसली न्हाई. हो म्हणून मान हलवली. ओटीतले चिमूटभर तांदूळ रीतीप्रमाणे परत माझ्या हातावर ठेवले अन् चढली. तांदूळ मी स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकले.

१६ जुलै
मॅडमनं चौकशीचा फोन केला. भाऊ म्हणला, बरी हाय, रानात गेलीय. मी जवळच होते. फोनमागं आवाज येत होता, पत्र्यावर नखं ओढल्यासारखा. मॅडमला ऐकू आला न्हाई. मी पण बोलले न्हाई.

१९ जुलै
दुपारी भांडी आवरून राहिले होते. तोच आवाज. स्वयंपाकघरात. वर बघितलं, स्लॅब. ह्या इमारतीत पत्रा कुठंच न्हाई. जन्नतबीला विचारलं तर म्हणली, तुझे कान वाजतायत, तेल घाल.

२२ जुलै
भाताला गंजाचा वास. बाकी सगळ्या मिटक्या मारून जेवल्या. मी डबा रिकामा केला, घासला, नवा तांदूळ भरला. तरी तोच वास. तळाला चिमूटभर तांदूळ चिकटलेत. निघत न्हाईत.
आज न राहवून मॅडमला म्हणलं, कुणाला तरी किनवटकडं धाडा.

२५ जुलै
फारूक जाऊन आला. सिंधु मेली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. भाऊ कडी लावून कामाला गेला, दिवसभर ऊन, आत पाणी न्हाई. कुणाला न सांगता जाळून टाकली. फारूक म्हणतो, पत्र्याला आतून ओरखडेच ओरखडे.
मॅडम पोलिसात चाललीय. मला विचारलं, मावशी, तुम्हाला कधी काही बोलली होती का? मी न्हाई म्हणले.
दुसऱ्या दिवशी मेली. म्हणजे सोळा तारखेला फोनमागं —

२६ जुलै
आता खोलीत पण. भिंतीतून. दुपार झाली की सुरू. अंगाची लाही होती. बाहेर पाऊस, बाकी बायका पांघरूण मागतात अन् मी घामानं भिजते. दारात बसून असते. जन्नतबी म्हणली, तू तर सिंधुवानी करायलीस.

२८ जुलै
पळून चालले होते. स्टँडवर किल्लारीकडची बस धरली. मागच्या शिटावर साखळी वाजली. कुणी न्हाई. शिटावर चार दाणे तांदळाचे. उतरले. परत आले. कुठं जाऊ —
उद्या पंचमी. मॅडमला घोट्याचं खरं सांगते. उद्या सकाळी सांगते.

२९ जुलै
मॅडम सकाळीच किनवटला गेली. सांगायचं राहिलं —
दुपार. बायका लिंबाखाली झोका खेळतायत, गाणी चाललीत. फाटकावरचा व्यंकटी येऊन सांगून गेला, सुंदरबाई, तुमचा मुराळी आलाय. बाईमाणूस हाय, भरल्या ओटीनं आलीय, आत सोडतो. म्हणलं, माझं कुणी न्हाई रे — तो गेला पण —
खोलीत आले. दार लोटलं.
साखळी. व्हरांड्यात. हळू येती —
गाणी ऐकू येईनात.
भिंत तापलीय. हात भाजला. भिंत सपाट न्हाई — वर-खाली, वर-खाली — पत्रा हाय हा —
खालच्या फटीतून तांदूळ सरकवले तिनं. चिमूटभर.
न्यायला आले म्हणती.
माझ्या दाराला बाहेरून कडी न्हाई. कायदा हाय. मॅडमला विचारा, कुठल्याच दाराला न्हाई — मग आत्ता बाहेरून ही कडी कोण —