कुठला मॅन?

गुरुवार, संध्याकाळ. राहनाळ.

डोकं फिरलंय माझं. रविवारच्या मॅचमधून सरांनी मला काढलं, आणि कारण काय, तर मला फुटबॉलचं इंग्लिश कळत नाही!

हे नवे सर आल्यापासून मैदानावर मराठी बंद. पास, टॅकल, ऑफसाइड ठीक आहे, ते येतंच. पण आज प्रॅक्टिसला बॉल माझ्याकडे होता आणि लांबून माझ्याच टीमची सायली ओरडली, "मॅन ऑन!" मी बॉल सोडून रस्त्याकडे बघितलं. बघणारच ना! गोडाऊनची माणसं रोज आमच्या मैदानातून बाइक घालतात, शॉर्टकट म्हणून. मला वाटलं, आला परत कोणीतरी. तेवढ्यात समोरच्या टीममधल्या पूजाने बॉल काढून गोल मारला.

सर हसले. सगळ्या पोरींसमोर. "मॅन ऑन म्हणजे तुझ्या मागे प्लेयर आहे. एवढं साधं कळत नाही?"

अहो, पण मागे पूजा होती! मॅन कुठून आला? आधी आम्ही "मागं हाय!" ओरडायचो, कधी कोणी चुकलं नाही. सायलीला म्हटलं, तू तरी मराठीत सांगायचंस. तर म्हणते, "मग मलापण काढलं असतं."

आणि सर हसत होते ना, तेव्हाच एक बाइक कॉर्नरवरून आरपार गेली. सर स्वतः बाजूला सरकले. त्या माणसाला एक शब्द बोलले नाहीत.

पाठ केलंय आता. मॅन ऑन म्हणजे पूजा. मग खरंच माणूस घुसला की काय ओरडायचं, तेही सांगा म्हणावं.