चाकबंद रविवार

४ मे, रविवार

पडले! पुन्हा! आणि या वेळी शेणात.

पाझर तलावाच्या बांधावर सकाळी कुणी नसतं म्हणून तिथे गेले, तर नेमके चंदरकाका म्हशी पाजायला आलेले. "अगो रेश्मा, काय चाललंय? पोरीची सायकल मोडशील!" उठले, ओढणी झटकली आणि म्हटलं, "मोडली तर माझं मी बघेन. तुमी तुमची म्हैस बघा."

सायकल नणंदेच्या मुलीची. तिला शाळेतून मिळाली होती. ती कॉलेजला गेली आणि सायकल आमच्या पडवीत गंजत पडली. छत्तीस वर्षांची सून सायकल शिकतेय म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. बघा! पोटभर बघा.

६ मे

हसू येतं कधीकधी. कल्याणच्या ऑफिसात बसून मी वर्षानुवर्षं भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या सायकल-सहली विकते. माहितीपत्रकातला मराठी मजकूर सगळा माझा. "या बेटावर मोटार नाही. हॉर्न नाही. ऑलिव्हच्या बागांतून जाणारा रस्ता फक्त तुमचा आणि तुमच्या सायकलचा." ऑलिव्ह मी पिझ्झावर पाहिलंय. काढून बाजूला ठेवलंय.

आज मॅडमनी जाहीर केलं — सप्टेंबरमध्ये इकडच्या बायकांचा एक ग्रुप बेटावर जाणार, बरोबर मराठी बोलणारा ऑफिसचा माणूस हवा. एकतर मी, नाहीतर भाविक. भाविक जिमला जातो, घट्ट टीशर्ट घालतो. १ जूनला चाचणी. किन्हवलीहून सरळगाव, तिथून धसई आणि परत, सगळं सायकलवर.

"रेश्मा, तुला सायकल येते?"

"जूनपर्यंत येईल."

सगळे हसले. मी नाही हसले.

१३ मे

आज पडले नाही. आजचा दिवस माझा!

१९ मे

घरात रणधुमाळी. विनोदला आज सगळं सांगितलं — बेट, सप्टेंबर, चाचणी. आधी वाटलं कौतुक करेल. छे! "मी शिफ्ट करू की घर बघू?" इतकंच. नवरा आहे, बोलणार. पण सासूबाई! तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाईमाणसाला बेटावर काय काम? तिथं भात लावायचा हाय का?"

म्हटलं, "नाही आई. तिथे नुसतं फिरायचं."

"नुसता फिरायचा?" जसं काही मी दरोडा घालायला जाते आहे.

नुसतं फिरायचं! हो! आजवर जिथे गेले तिथे कामाला गेले. माहेरी गेले तर भावजयीच्या बाळंतपणाला, देवाला गेले तर नवस फेडायला, दवाखान्यात गेले तर दुसऱ्या कुणाचा तरी डबा घेऊन. एकदा मला कामाशिवाय कुठेतरी जायचंय. यात चूक काय ते कुणीतरी समजावून सांगा.

२५ मे, रविवार

किन्हवलीपर्यंत जाऊन आले. एकटी! डंपरवाले अंगावर घालतात मेले. एका ठिकाणी सायकलसकट करवंदीच्या जाळीत गेले, कोपरापर्यंत ओरखडे. तरी परत आले ती चंदरकाकांच्या ओट्यासमोरून घंटी वाजवत. दोनदा वाजवली. ओट्यावर बसलेल्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

३० मे, शुक्रवार

घ्या! झालं!

यमाजी भगताने देवीला कौल लावला आणि पाळणूक निघाली रविवारी. १ जूनलाच! पेरणीआधी दरवर्षी एक दिवस गाव पाळणूक पाळतं. शनिवारी सूर्य बुडाला की वेशीवर आंब्याच्या पानांची दोरी बांधतात. मग रविवारी सूर्य बुडेपर्यंत शिवेच्या आत चाक फिरायचं नाही. बैल जुंपायचे नाहीत, गिरणी बंद, मोटारसायकल बंद, पोरांची खेळण्यातली गाडीसुद्धा माळ्यावर. आणि प्रत्येक घरच्या सवाष्णीने सकाळी देवीला निवद ठेवायचा. आमच्या घरात सवाष्ण मी एकटीच. म्हणजे आदल्या दिवशी बाहेर जाऊन राहायची सोयच नाही. नाहीतर सासूबाईंचं नाव घेऊन म्हणतील, धोंडीबाईच्या घरचा निवद चुकला.

चिडून भिंतीवर उशी फेकली. मग शांतपणे विचार केला. माणसांना पायी जाता-येता येतं, बंदी फक्त चाकाला. सायकल शनिवारीच वेशीबाहेर धर्मा चहावाल्याच्या टपरीवर ठेवायची. सकाळी निवद, मग पायी वेस, पुढे सायकल. सुटलं!

३१ मे

उद्याच्या चाचणीच्या तयारीला मॅडमनी आज कल्याणला बोलावलं होतं. निघताना विनोदला तीनतीनदा सांगितलं, "सायकल टपरीवर ठेव. सूर्य बुडायच्या आत." "हो हो," म्हणाला. परत आले तेव्हा वेशीवर दोरी बांधून झाली होती. घरी आले तर सायकल पडवीत. जिथल्या तिथे!

"विसरलो," म्हणाला.

विसरला नाही. बारा वर्षं ओळखते मी त्याला, विसरल्यावर तो डोळ्यांत बघतो. आज टीव्हीकडे बघत होता. वर म्हणतो, "आता देवीचीच इच्छा नाय, तर काय करणार?"

देवीला कशाला मध्ये घेतोस रे? तुझी इच्छा नाही ते बोल ना!

जेवले नाही. पण भाकऱ्या सगळ्यांच्या थापल्या, तीही माझीच खोड.

१ जून, रविवार

हात दुखतायत, मान दुखतेय, तरी आज लिहिणारच.

अंघोळ करून तांदळाच्या पिठाचा निवद केला, देवीपुढे ठेवला, हात जोडले. देवीला म्हटलं, चाक फिरणार नाही. शब्द देते. मग घरी येऊन सायकल उचलली आणि डोक्यावर घ्यायला गेले. लाकडाच्या मोळ्या वाहिल्यात या डोक्याने! सायकल काय जड!

जड होती. पॅडल कानाला लागत होतं. विनोद दारात येऊन नुसता बघत राहिला. आतून आई ओरडत आल्या — मला वाटलं आता आडव्या पडणार — आणि जुन्या लुगड्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर दाबली. "मान मोडेल, खुळे! मोळी अशी उचलतात का?"

गावातून चालत गेले. एकही इंजिन नाही. गिरणीची घरघर नाही. बैल गोठ्याबाहेर मोकळे बसलेले, रवंथ करत. कोतवाल पक्षी बोलत होता तो या टोकाला ऐकू येत होता. आणि माझ्या चपलांचा आवाज. डोक्यावर सायकल असताना मला माझंच माहितीपत्रक आठवलं. मोटार नाही, हॉर्न नाही. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना विकत होते आणि ते माझ्या दारात दरवर्षी एकदा येऊन जात होतं! डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वेशीवर चंदरकाका आणि गावकीची मंडळी बसलेली. चंदरकाका ताडकन उठले.

"ए! थांब! चाक हाय ते!"

"फिरतंय का?"

"फिरत नसला तरी चाकच ना!"

"मग तुमच्या अंगणातली गाडी पण चाकाचीच हाय, काका. ती कुठं गावाबाहेर ठेवलीय? उभी हाय ना? तशी ही पण उभी हाय. माझ्या डोक्यावर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गावातल्या ऋतिकने मोबाइल काढून फोटो मारला. यमाजी भगत दोरीशी बसला होता. तो उठला, सायकलच्या मागच्या चाकाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "फिरत नाय. चाकाचा भार तिच्यावर हाय, गावावर नाय. जाऊ द्या." आणि दोरी हाताने वर उचलून धरली, म्हणजे हँडल अडकू नये.

चाचणी पूर्ण केली! बरोबर आलेल्या ऑफिसवाल्यांत सगळ्यात शेवटी पोचले, पण पोचले. धसईच्या आधीच्या चढावर भाविक दमून ऑफिसच्या टेम्पोत बसला होता. टेम्पोतून हात हलवत होता बिचारा.

३ जून

ऋतिकचा फोटो कुठून कुठे गेला कोण जाणे, मॅडमपर्यंत पोचला. मॅडम खूश! सप्टेंबरची लीडर मीच! पण बोलणं तिथे संपलं नाही.

"रेश्मा, बेटाआधी तुझं गाव करूया. चाकबंद रविवार! पाहुणे डोक्यावर सायकली घेऊन वेस ओलांडणार, काय फोटो येतील! फक्त मे-जूनमध्ये उकाडा असतो. तो दिवस डिसेंबरमध्ये घ्यायला सांग गावाला. हे तू जमवलंस की बेटाचं तिकीट काढते."

म्हटलं, विचारते.

६ जून

गावाला विचारायची गरजच पडली नाही. मॅडमनी परस्पर चंदरकाकांना फोन केला होता. तेच काका! "करू की डिसेंबरात! पाहुणे येतील, गावाचं नाव होईल. आमी भगताला सांगतो." विनोद म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे गावाचं भलं झालं." कालपर्यंत मी घर बुडवायला निघाले होते, आज भलं!

यमाजीच्या खोपटावर गेले. तो दोरी वळत बसला होता. विचारलं, डिसेंबरात पाळणूक चालेल का?

"डिसेंबरात पेरणी असते का गो?" म्हणाला. आणि मग, "मला कुणी इचारलाच नाय."

मी काही फार देवभोळी नाही. पण त्या दिवशी बैलांना विश्रांती होती, जमिनीला होती, आणि मी शब्द दिला होता. आता तो शब्द मीच कॅमेऱ्यासमोर उभा करू?

८ जून, रविवार

मॅडमना कळवलं. "आमचा रविवार विकायचा नाही. बेटावर भाविकला पाठवा." गेलं ते निळं पाणी. खूप रडले, लपवत नाही.

विनोद टीव्हीपुढून उठत नाहीये. चंदरकाका दारात येऊन तणतणून गेले. आईंनी विचारलं, "काय कळवलंस?" सांगितलं. ऐकून उठल्या आणि पडवीत गेल्या. थोड्या वेळाने बघते तर लुगड्याचा बोळा घेऊन सायकलचा चिखल पुसत बसलेल्या.

"धसईला माझी भैन हाय," मान वर न करता म्हणाल्या. "त्या दिवशी तिच्या दारावरून गेलीस नि थांबली नायस. मागं उशी बांध. सप्टेंबरात लावणी सरलेली असते. तेव्हा आपुन दोघी जाऊ. नुसता फिरायला."